कर्ज तिच्या नावावर, पावती त्याच्या नावावर

(बचत-कर्जाच्या कामात असलेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. लेखिका सोलापुरात स्त्रियांच्या पतपेढीत आणि तिला जोडून असलेल्या कर्ज-सल्ला केंद्रात काम करतात.)



मला जो विषय दिला होता त्यात 'सक्षमीकरण' हा शब्द होता. तो मी आज शक्यतो वापरणार नाही. कर्ज विकणाऱ्या कंपन्यांच्या रंगीत कागदांवरही तो आता छापलेला असतो, त्यामुळे आपल्या तोंडी आला की नेमकं काय म्हणायचंय ते कळत नाही. त्यापेक्षा आमच्या केंद्रातल्या टेबलावर काय येतं ते सांगते.

टेबलावर येते एक प्लॅस्टिकची पिशवी. बाई ती पदराखालून काढते. आत आधार कार्डाच्या झेरॉक्स, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, दोन-तीन कंपन्यांची कर्जाची कार्डं, एखादी गहाणाची पावती आणि वहीच्या फाडलेल्या पानावर पेनानं लिहिलेले आकडे. "एकूण किती देणं आहे?" असं विचारलं तर बहुतेकींना सांगता येत नाही. आठवड्याचा हप्ता मात्र तोंडपाठ असतो. कुणाला कोणत्या वारी किती द्यायचे हे तिला माहीत असतं, एकूण किती हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

मी ते कागद टेबलावर पसरते आणि प्रत्येक कागदाला दोन प्रश्न विचारते. नाव कुणाचं? आणि पैसे किंवा वस्तू कुणाच्या हातात गेली? एम.एस.डब्ल्यू.ला आम्हाला केस हिस्टरी कशी घ्यायची ते शिकवलं होतं, छापील फॉर्म होता. इथं ही पिशवी म्हणजेच केस हिस्टरी. आणि त्यातून एक गोष्ट इतक्या वेळा दिसली आहे की मी आजच्या बोलण्याला तेच नाव दिलं. कर्जाचं कार्ड जवळजवळ नेहमी तिच्या नावावर असतं. सोनं गहाण टाकल्याची पावती असली, तर ती पुष्कळदा त्याच्या नावावर असते. म्हणजे घरातलं देणं तिचं, आणि तिची एकमेव मालमत्ता त्याची!

एका अक्कांचा हिशेब सांगते. नाव सांगत नाही, काही तपशील बदललेत. आमच्या भागात पुष्कळ बायका विडी वळतात. कारखान्यातून पान, तंबाखू, सूत आणायचं, घरी पान भिजवून कापायचं, विड्या वळून पुन्हा नेऊन द्यायच्या. त्यातल्या काही छाट म्हणून बाजूला टाकल्या जातात, त्याची मजुरी नाही. या अक्का तेच करतात. मालक पूर्वी यंत्रमागावर होते, आता मिळेल ते काम. दोघांचं मिळून महिन्याला साधारण १३,००० रुपये येतात.

पिशवीत तीन कंपन्यांची कार्डं निघाली. महिन्याचे हप्ते २,३००, २,१५० आणि २,४५०. वर गल्लीतल्या एका माणसाचं रोजच्या वसुलीचं कर्ज, दिवसाला १०० रुपये. बेरीज करा. कंपन्यांचे ६,९००, त्याचे ३,०००, मिळून ९,९००. घर चालवायला उरले ३,१००. त्यात वीजबिल, गॅस, मुलीची फी आणि चौघांचं पोट.

आता दुसरा प्रश्न. पहिलं कर्ज घरावर पत्रे घालायला घेतलं होतं. ते खरोखर तिच्या कामाचं होतं, पावसाळ्यात पान-तंबाखू भिजत होती. दुसरं दिराच्या रिक्षासाठी. "सही मागितली, दिली. घरातलाच माणूस आहे, काय म्हणू?" तिसरं पहिल्या दोहोंचे हप्ते भरायला. रोजच्या वसुलीचं तिसऱ्याचा हप्ता भरायला. चार कर्जांपैकी एकाचाच उपयोग तिला झाला, नाव मात्र चारही ठिकाणी तिचंच. आणि तळाशी घडी घातलेली एक पावती होती, मंगळसूत्र आणि कानातल्याची. नाव मालकांचं.

या ठिकाणी मी थोडं गणित करणार आहे, कंटाळू नका. रोजच्या वसुलीत कागदावर १०,००० दिले असं म्हणतात, हातात ९,००० देतात, हजार आधीच कापतात. मग १०० दिवस १०० रुपये. "हजार रुपये तर जातात ताई," असं बायका म्हणतात. पण ते ९,००० काही १०० दिवस तिच्याकडे नसतात. दुसऱ्या दिवसापासूनच परत जायला लागतात. या हिशेबानं व्याज वर्षाला ७५ टक्क्यांच्या पुढे जातं. तसंच 'शेकडा दोन'चं. १२,००० रुपये एका वर्षासाठी, महिना शेकडा दोन रुपये, पूर्ण मुदलावर. व्याज २,८८०, एकूण १४,८८०, महिना १,२४०. ऐकायला २४ टक्के. पण सहा महिन्यांनी अर्धं मुद्दल फिटलेलं असतानाही व्याज पूर्ण १२,०००वरच चाललेलं असतं. उरलेल्या मुदलावर मोजलं तर तो दर ४२ टक्क्यांच्या आसपास पडतो. हे गणित आपल्या प्रत्येक कार्यकर्तीला यायलाच हवं. मला स्वतःला ते कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. पतपेढीच्या हिशेबनीस बाई दहावी शिकलेल्या आहेत, त्यांनी शिकवलं.

पुष्कळजणी विचारतात, कंपन्यांना नियम नाहीत का? आहेत. आणि ते बऱ्यापैकी चांगले आहेत, हे ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. ऑक्टोबर २०१० मध्ये आंध्र प्रदेशात कर्जदार बायकांच्या आत्महत्यांनंतर तिथल्या सरकारनं अध्यादेश काढला, मग रिझर्व्ह बँकेलाही लक्ष घालावं लागलं. २०२२ साली तिनं सूक्ष्म कर्जांसाठी जे नियम केले त्यात म्हटलंय की वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं हे कर्ज विनातारण असावं, आणि कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत. व्याज आणि सगळे आकार लिहिलेला कागद दिला पाहिजे, कर्जाचं कार्ड कर्जदाराला समजेल त्या भाषेत पाहिजे. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. उशीर झाला तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर. वसुली दोघांनी ठरवलेल्या जागी करायची, आणि बाई लागोपाठ दोनदा तिथं आली नाही तरच घरी किंवा कामाच्या ठिकाणी जायचं. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन नाही. शिवीगाळ नाही, नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना त्रास नाही, चारचौघांत नाव जाहीर करणं नाही. त्याच नियमांनी व्याजावरची ठरावीक कमाल मर्यादा मात्र काढून टाकली. दर अवाजवी नसावा एवढंच म्हटलं, आणि वाजवी किती ते कंपनीच्या संचालकांवर सोपवलं. ते मला पटत नाही.

आता अक्कांच्या घरी निम्म्याचा नियम लावून पाहा. १३,०००चे निम्मे ६,५००. तीन कंपन्यांचेच हप्ते ६,९००. मग तिसरं कर्ज मंजूर झालं कसं? फॉर्मवर घरचं उत्पन्न २०,००० लिहिलं होतं. अक्कांनी तो आकडा आमच्याकडेच पहिल्यांदा ऐकला. कार्ड मराठीत होतं, पण त्यांच्या घरी तेलुगू बोलतात आणि त्यांना वाचता कोणतीच भाषा येत नाही. त्यांची मुलगी आठवीत आहे, तिनं वाचून दाखवलं. रोजच्या वसुलीचं कर्ज तर कोणत्याच नोंदीत नाही. नियम कागदावर आहे, आणि कागद भरणारा माणूस किती कर्जं वाटली यावर पगार घेतो.

म्हणून आम्ही एक गोष्ट सवयीची केली आहे. प्रत्येक बाईचा पतअहवाल मागवायचा. सिबिल, क्रिफ हाय मार्क अशा ज्या नोंद ठेवणाऱ्या कंपन्या आहेत त्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो काढला की पुष्कळदा पिशवीत नसलेलं एखादं कर्ज निघतं. कधी गटाच्या प्रमुख बाईनं 'तुझ्या नावावर काढून दे, हप्ता मी भरते' म्हणून घेतलेलं. हजार-दोन हजार रुपये हातावर ठेवलेले असतात. आणि प्रमुख बाई वाईटच असते असं नाही, तिच्याही पिशवीत पाच कार्डं असतात.

इथं जरा मागं जाते. बायकांना कर्ज मिळालं पाहिजे ही मागणी कुणाची होती? आपलीच. अहमदाबादला सेवा बँक १९७४ साली निघाली. मुंबईत प्रेमा पुरव यांनी खानावळ चालवणाऱ्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ १९७५ साली उभं केलं, सावकाराच्या हातून सोडवून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नेलं. नाबार्डनं १९९२ साली बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली. आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी महिला बँक १९९७ साली सुरू झाली. या सगळ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट होती. आधी बाईची बचत, तिचा स्वतःचा धंदा किंवा मजुरी, मग कर्ज. आणि बैठकीत पैशांखेरीज बाकीचंही बोलायचं, दारूचं, रेशनचं, मारहाणीचं. कंपन्यांनी आपल्याकडून गट उचलला आणि बाकीचं गाळलं. बचत गाळली, बोलणं गाळलं. उरली ती एकमेकींची जामिनकी.

त्या जामिनकीनं वस्तीत काय केलंय ते तुम्ही पाहिलंच असेल. एकीचा हप्ता आला नाही की वसुलीवाला बाकीच्या नऊजणींना बसवून ठेवतो. स्वयंपाक खोळंबलेला, लेकरं रडतायत, विड्या तशाच पडलेल्या. त्या नऊजणी मग त्या एकीच्या दारात जातात आणि नको ते बोलतात. त्याला आवाजही चढवावा लागत नाही, त्याचं काम बायका करतात. अक्का आमच्या संघटनेच्या बैठकीला यायच्या बंद झाल्या त्या यामुळे. बैठकीत त्याच बायका असायच्या.

म्हणूनच 'आमची वसुली शंभर टक्के' असं कुणी व्यासपीठावरून सांगितलं, मग ती कंपनी असो की आपलीच एखादी पतपेढी, की मी विचारते, ती कशातून झाली? कमाईतून, दुसऱ्या कर्जातून, की मंगळसूत्रातून? आमच्या वार्षिक अहवालात आम्ही आता वसुलीचा आकडा एकटा छापत नाही. शेजारी दुसरा आकडा असतो, वर्षभरात किती कर्जदार बायकांचं सोनं गहाण पडलं आणि किती सुटलं. तो गोळा करायला त्रास होतो, बायका सांगायला लाजतात, तरी करतो.

पतपेढीत आम्ही काय करतो ते थोडं सांगते. पहिलं म्हणजे नवऱ्याची सही काढून टाकली. बहुतेक कंपन्या सहकर्जदार म्हणून घरातला पुरुष मागतात. विधवा, टाकलेली, एकटी राहणारी बाई गेली की "मुलगा आहे का? भाऊ आहे का?" एका बाईच्या अठरा वर्षांच्या मुलाची सही घेतली, तो त्याच रात्री आईला म्हणाला, आता मी मालक. आमच्याकडे हा नियम बदलायला सर्वांत जास्त विरोध झाला तो आमच्याच संचालक बायकांचा. त्या म्हणाल्या, नवऱ्याची सही नसली तर तो फेडू देणार नाही. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. शेवटी दोन सभासद बायकांची जामिनकी ठेवली. म्हणजे पुन्हा एकमेकींचीच जामिनकी आली, हे मला दिसतंय. फरक इतकाच की हप्ता चुकला तर आम्ही जामीनदाराच्या दारात जात नाही, कर्जदार बाईला बोलावून हप्ता लहान करतो. यापेक्षा चांगली तोड कुणाकडे असेल तर सांगा.

दुसरं काम आहे नाही म्हणण्याचं. हे अनेकांना पटत नाही. कर्ज देणारी संस्था कर्ज नाकारते ही सेवा कशी? पण पाहा. बाई अर्ज घेऊन येते, अर्जावर 'शिवणयंत्र' लिहिलेलं असतं आणि चेहऱ्यावर दिसत असतं की पैसे तिला नको आहेत. विचारलं की खाली बघते. तिला घरात नाही म्हणता येत नाही. ते नाही आम्ही म्हणतो, पतपेढीच्या कागदावर, शिक्क्यासह. "घरातील चालू हप्ते उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असल्याने अर्ज नामंजूर." तो कागद ती घरी दाखवते. कधी नवरा आमच्याकडे येऊन आरडाओरडा करतो. करू दे, आमचं टेबल मजबूत आहे. कधी तो तिला दुसऱ्या कंपनीकडे नेतो आणि तिथं कर्ज मिळतं, हेही खरं आहे. तरी दर महिन्याला दोघी-तिघी त्या कागदासाठीच येतात. "ताई, नामंजूर लिहून द्या."

तिसरी गोष्ट विम्याची. कर्ज देताना पुष्कळ ठिकाणी विम्याचे पैसे कापतात. नियमाप्रमाणे तो ऐच्छिक असतो, पण विचारतं कोण? आता कापलाच आहे तर त्याचं प्रमाणपत्र मागा. तो पती-पत्नी दोघांचा असला आणि नवरा वारला, तर उरलेलं कर्ज विम्यातून फिटायला हवं. आमच्याकडे एक बाई नवऱ्याच्या मृत्यूनंतरही सात महिने हप्ते भरत होती. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी वसुलीवाला आला होता. त्यानं सांत्वन केलं आणि हप्ता घेतला. विम्याचं बोलला नाही. मृत्यूचा दाखला आणि अर्ज घेऊन आम्ही कंपनीत तीन खेपा घातल्या, तेव्हा कर्ज बंद झालं आणि जादा घेतलेले हप्ते परत आले. आपल्या वस्त्यांत अशा किती जणी असतील, प्रत्येकीनं जाऊन विचारा.

परत अक्कांकडे येते, कारण पुढं काय झालं असं तुमच्या मनात असेल. तिन्ही कंपन्यांना आम्ही त्यांच्या सहीनं, म्हणजे अंगठ्यानं, लेखी अर्ज दिले. उत्पन्न किती, हप्ते किती, फॉर्मवर काय लिहिलंय. एका कंपनीनं मुदत वाढवून हप्ता कमी केला. दुसरीनं मुख्य कचेरीला विचारतो म्हणून सांगितलं, अजून विचारतायत. तिसरीचा माणूस रात्री आठला दारात यायचा, ते लेखी तक्रारीनंतर थांबलं. कंपनीनं ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही. मात्र आधी कंपनीला दिलेल्या तक्रारीची पोच जपून ठेवा, तिच्याशिवाय पुढचं दार उघडत नाही.

"पोलिसात देतो" या धमकीला बायका सर्वांत जास्त घाबरतात. हप्ता थकला म्हणून अटक होत नाही, ते दिवाणी देणं आहे. पण चेक दिला असेल, किंवा बँकेतून हप्ता आपोआप कापायची परवानगी दिली असेल आणि तो पैशांअभावी परत गेला, तर फौजदारी खटला होऊ शकतो. तेव्हा 'काही होत नाही' असं कुणालाही छातीठोकपणे सांगू नका, आधी पिशवी बघा.

गल्लीतल्या माणसाविरुद्ध तक्रार करता आली असती. महाराष्ट्रात २०१४चा सावकारी कायदा आहे, परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे, सहकार खात्याच्या निबंधकाकडे अर्ज द्यायचा. अक्कांनी नको म्हटलं. मुलगी रोज त्याच्या दारावरून शाळेत जाते. आम्ही आग्रह धरला नाही. त्याचं उरलेलं देणं पतपेढीच्या लहान कर्जातून फेडलं. कर्ज फेडायला कर्ज आम्ही सहसा देत नाही, या एका बाबतीत देतो.

मंगळसूत्र गेलं. लिलावाची नोटीस मालकांच्या नावानं आली होती, त्यांनी ती दाखवलीच नाही.

याबद्दल मला आपल्या सल्ला केंद्रांतल्या मैत्रिणींशी बोलायचंय. स्त्रीधन ही बाईची स्वतःची मालमत्ता आहे, ती नवऱ्याकडे ठेवायला दिली म्हणून त्याची होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं. २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात आर्थिक छळ हा हिंसाचार मानलाय, स्त्रीधन परस्पर विकणं त्यात येतं. घटना-अहवालाच्या फॉर्ममध्ये आर्थिक हिंसेसाठी जागा आहे. पण आपण तो फॉर्म भरताना मारहाण सविस्तर लिहितो आणि ती जागा पुष्कळदा कोरी सोडतो. तिच्यावर दबाव आणून कुणाच्या नावानं किती कर्ज काढलं, सोनं कधी कुणी ठेवलं, पावती कुणाच्या नावाची, हे तारखांसह तिथं आलं पाहिजे. कोर्टात आर्थिक मदत मागताना त्याचाच आधार मिळतो. आमच्याकडे कर्जाचं टेबल आणि समुपदेशनाची खोली यांच्यामध्ये पूर्वी एक जिना होता, बाई एका मजल्यावर मारहाणीचं सांगायची आणि दुसऱ्यावर हप्त्यांचं. आता दोन्ही एकाच खोलीत आहेत.

अक्कांनी सहाव्या वेळी सही मागितली तेव्हा दिली नाही, आणि मार खाल्ला. हे त्यांनी त्या खोलीत सांगितलं. अहवाल लिहिला, आर्थिक हिंसेची जागा पूर्ण भरली, पावतीची झेरॉक्स जोडली. कोर्टात आत्ता जायचं नाही म्हणाल्या, "लिहून ठेवा, कपाटात असू द्या." तो कागद आमच्या कपाटात आहे, आणि तो कुठं आहे हे त्यांच्या मुलीलाही माहीत आहे. मागच्या महिन्यात त्या संघटनेच्या बैठकीला आल्या. मागं भिंतीला टेकून बसल्या, बोलल्या काही नाहीत.

माझी वेळ संपत आलीये. दुपारी गटचर्चेऐवजी आपण खरी कार्डं घेऊन बसणार आहोत. मी दहा कार्डांच्या प्रती आणल्यात, नावं झाकून. तुमच्यापैकी ज्यांच्या स्वतःच्या पर्समध्ये अशी कार्डं आहेत, आणि मला माहीत आहे की आहेत, त्यांनी तीही काढून ठेवा. कॅल्क्युलेटर लागेल, मोबाईलमधला चालेल.